तापीकाठचं थाळनेर खरंच खानदेशची राजधानी होतं का? मग आज एवढंसं गाव कसं?

होतं, पण थोडाच काळ. फारुकी घराण्याने खानदेशावर दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, म्हणून थाळनेरही तेवढी वर्षं राजधानी होतं, असं बऱ्याच ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. ते चूक आहे. या घराण्याचा पहिला राजा मलिक राजा, त्याला फिरोजशहा तुघलकाने 1370 मध्ये थाळनेर-करवंदची जहागीर दिली. तो 1399 मध्ये वारला. थोरला मुलगा नसीरखान याने आशा अहिराकडून दगाफटक्याने असीरगड घेतला, त्याच्या जवळ बुऱ्हाणपूर वसवलं आणि कारभार तिकडे हलवला. वाटणीत धाकट्या भावाकडे गेलेलं थाळनेरही त्याने 1417 मध्ये माळव्याच्या मदतीने काढून घेतलं. गंमत म्हणजे राजधानी गेली तरी दफन इथेच होत राहिलं. मलिक राजा, नसीरखान, आदिलखान आणि 1457 मध्ये वारलेला मुबारकखान हे पहिले चारही राजे थाळनेरात आहेत.

मुळात गड इथेच का, हे नकाशापेक्षा तापीच्या काठावर उभं राहिल्यावर लवकर कळतं. इथली तापी खोल चरातून वाहते. दोन्ही बाजूंना पोयट्याच्या, म्हणजे नदीने आणलेल्या गाळाच्या, उंच दरडी, आणि पावसाच्या पाण्याने त्या दरडींत कापलेल्या घळी. थाळनेरचा किल्ला उत्तर काठावरच्या अशाच एका उंचवट्यावर आहे. 1818 च्या लष्करी वर्णनानुसार एका बाजूला नदी आणि उरलेल्या तीन बाजूंना 100 ते 150 यार्ड रुंद घळ. घळीतून वर सुमारे 60 फूट तट, आणि आत जायला पूर्वेकडून एकच वाट, तीही वळणावळणाची, लागोपाठ पाच दरवाजांची. खंदक खणायचं काम नदीनेच करून ठेवलेलं. शिवाय सुरत-बुऱ्हाणपूर हा व्यापारी रस्ता याच पट्ट्यातून जायचा.

हे पाच दरवाजेच पुढे घात करून गेले. पेशवाईत किल्ला होळकरांकडे आला. महिदपूरला इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर 6 जानेवारी 1818 च्या मंदसोर तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला. इंग्रज सेनापती हिस्लॉप सेंधव्याचा घाट उतरून 27 फेब्रुवारीला थाळनेरपुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामा दरवाजांच्या मधल्या जागेत येऊन स्वाधीन झाला. आतली अरब शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची पगारी फौज, मात्र अटींवर अडून बसली. शेवटच्या दरवाजातल्या दिंडीतून, म्हणजे छोट्या दारातून, काही इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांसह आत शिरले, तिथे झटापट होऊन दोघे अधिकारी ठार झाले. एकमेकांची भाषा नीट कळत नसल्याने घोटाळा झाला, असंही सांगतात. त्यानंतर सुमारे 300 जणांची शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. या फाशीवर इंग्लंडच्या संसदेतही टीका झाली. माझ्या मते ती टीका रास्त होती. शरण आलेल्या माणसाला शिबंदीच्या कृत्याची शिक्षा मिळाली.

गाव लहान राहिलं ते मात्र लढाईमुळे नाही, रस्त्यांमुळे. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूरवरून गेला आणि तापी ओलांडतो सावळद्याला, म्हणजे थाळनेरच्या खालच्या अंगाला. 1900 च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे आली ती दक्षिण काठाने, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर अशी. दोन्ही वाटांनी थाळनेर टाळलं. तालुका शिरपूर, बाजारपेठही शिरपूर.

जायचं तर शिरपूरहून आग्नेयेला साधारण 15 किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. उन्हाळ्यात दुपारी काठावर सावली नसते, आणि पावसाळ्यात पोयट्याचा चिखल चपलेला इंचभर चिकटतो. आधी कबरींकडे जा. त्यातली अष्टकोनी, कोरीव कामाची इमारत मुबारकखानाची मानतात. तिच्याभोवती फेरी मारून प्रत्येक बाजूचं काम बघा, समोरून फोटो काढून निघू नका. मग किल्ल्याकडे. खूप पडझड झालेली आहे, त्यामुळे दरवाजे शोधत बसण्यापेक्षा घळीत उतरून तटाची उंची खालून बघा, जागा लगेच समजते. नदीकडच्या कडेवर उभं राहू नका. पोयटा खालून पोखरला जातो आणि वरून गवत असल्याने ते दिसत नाही. वरच्या अंगाच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी असेल त्या दिवशी नदीपात्रात मुळीच उतरू नका.