कांद्याच्या पापुद्र्यात हिरवं काहीच का दिसत नाही?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिने सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा पाहिला. विटा रचल्यासारख्या पेशी दिसल्या, पण पुस्तकातल्या वनस्पतीपेशीत असतात तशी हरितलवकं (अन्न तयार करणारे हिरवे कण) एकही दिसली नाहीत. प्रयोग चुकला, असं तिला वाटतंय. शिवाय ‘वनस्पतीपेशीला भित्तिका असते, प्राणीपेशीला नसते’ हे पाठ झालंय, पण प्राण्यांना ती का नसते, हे आम्हाला तिला सांगता येत नाही. – एक पालक

उत्तर : प्रयोग चुकलेला नाही, हे तिला आधी सांगा. मी तीस वर्षं जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली आणि दर वर्षी कुणीतरी नेमकं हेच विचारायचं. मला त्या मुलांचं फार कौतुक वाटे, कारण ती चित्र बाजूला ठेवून समोर दिसतंय ते पाहत होती. हरितलवकं असतात ती झाडाच्या हिरव्या भागांत. कांद्याचे पापुद्रे जमिनीत अन्न साठवतात. तिथे उजेड नाही, म्हणून हरितलवकंही नाहीत. मुळांच्या पेशींचंही तसंच. पुस्तकातली पेशी ही अनेक पेशींमधलं एकेक वैशिष्ट्य गोळा करून काढलेली असते.

आता भित्तिकेचं. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या कापात ज्या खोल्या पाहिल्या, त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. जिवंत पेशीत त्या भिंतीला आतून रेटणारं पाणी असतं, आणि खरी गोष्ट त्या पाण्याची आहे.

पेशीच्या आत क्षार, साखर, प्रथिनं विरघळलेली असतात. त्यामुळे बाहेर साधं पाणी असलं की परासरणाने, म्हणजे पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे पटलातून पाणी झिरपण्याने, ते आत शिरू लागतं. ही अडचण दोन्ही प्रकारच्या पेशींपुढे आहे. माणसाची तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर ती फुगते आणि फुटते. म्हणूनच शिरेतून देतात ते सलाइन 0.9 टक्के मिठाचं असतं. कांद्याची पेशी मात्र त्याच पाण्यात टिकते. पाणी आत येतं, मधली मोठी रिक्तिका, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, फुगते, प्रद्रव्यपटल, म्हणजे भिंतीच्या आतलं पेशीचं पातळ आवरण, भिंतीवर दाबलं जातं आणि सेल्युलोजची भिंत तो दाब झेलते. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाहूनही जास्त असू शकतो. कोवळं रोप लाकडाशिवाय ताठ उभं राहतं ते याच्याच जोरावर. पाणी कमी पडलं की मान टाकतं. पूर्ण वाढलेल्या वनस्पतीपेशीत रिक्तिका बहुतेक सगळी जागा व्यापते, केंद्रक कडेला सरकतं. म्हणजे पुस्तकातल्या तक्त्यात वेगवेगळ्या ओळींत लिहिलेली ‘भित्तिका’ आणि ‘मोठी रिक्तिका’ ही एकाच यंत्रणेची दोन अंगं आहेत. मुलीला त्या एकत्रच शिकवा.

मग प्राण्यांनी भिंत का घेतली नाही? पांढरी रक्तपेशी जिवाणूला वेढून गिळते, स्नायूची पेशी आखडते. कडक कवचात कोंडलेल्या पेशीला यातलं काहीच जमलं नसतं. पण भिंत नाही म्हटल्यावर पाण्याचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने करावा लागतो. प्राणीपेशीच्या पटलात पंपाचं काम करणारी प्रथिनं असतात. ती दर फेरीला सोडियमचे तीन आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात, आणि त्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. आतले क्षार असे आवरून धरले, म्हणून पाणी बेसुमार आत शिरत नाही. भोवतालच्या द्रवातल्या क्षारांचं प्रमाण सांभाळण्याचं काम मूत्रपिंडं करतात. वनस्पतीपेशी भिंतीच्या आधाराने टिकते, प्राणीपेशी पंपाच्या.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. ‘प्राण्यांना तंतुकणिका, वनस्पतींना हरितलवक’ अशी वाटणी नाही. तंतुकणिका, म्हणजे साखरेतून ऊर्जा मिळवून देणारे पेशीतले भाग, दोघांनाही असतात. हरितलवकात साखर तयार होते. ती वापरून ऊर्जा मिळवण्यासाठी वनस्पतीलाही तंतुकणिका लागतातच, आणि रात्री तर जास्तच.

तिला आणखी एक प्रयोग करू द्या. या वेळी जांभळ्या कांद्याच्या बाहेरच्या बाजूचा रंगीत पापुद्रा घ्यायला सांगा. रंग रिक्तिकेत असतो, त्यामुळे रंगद्रव्य घालावं लागत नाही. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, वर कव्हरस्लिप. मग एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावायचा, म्हणजे खारं पाणी पापुद्र्यावरून ओढलं जातं. थोड्याच वेळात जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत गोळा होऊ लागेल. भिंत होती तिथेच राहील. माझ्या वर्गातली एक मुलगी हे पाहून ओरडली होती, “बाई, खोली तशीच आहे, आतलं माणूस मागे सरकलं!” लगेच साधं पाणी सोडलं तर ते पुन्हा भिंतीला जाऊन टेकतं. फार वेळ थांबू नका, नाहीतर पेशी मरते आणि मग ते परतत नाही.