शब्दचर्चा : 'शब्बाथ' आणि दासीच्या मुलाचा दम

खानापूरच्या एका भगिनींनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. घरी मराठी शास्त्र (बायबल) आणि शेजारच्या मंडळीत (चर्चमध्ये) कानडी शास्त्र वाचले जात असल्याने, काम थांबवून पाळायच्या सातव्या दिवसाच्या नावाचे 'शब्बाथ' आणि 'सब्बत' असे दोन्ही उच्चार त्यांच्या कानावर येतात, त्यांतला बरोबर कोणता? हा शब्द संस्कृत 'सप्त'वरून आला असे प्रार्थनासभेत सांगितले गेले, ते खरे का? आणि ख्रिस्ती माणसाने रविवारला शब्बाथ म्हणावे का?

उच्चाराचे चटकन सांगतो. मूळ हिब्रू शब्दाच्या आरंभी 'शीन' हे अक्षर आहे आणि त्याचा उच्चार 'श' आहे. ग्रीक भाषेला 'श' नाही, म्हणून तिथे त्याचा 'स' झाला आणि ग्रीक-लॅटिनच्या वाटेने पुढे गेलेल्या भाषांनी तो 'स'च उचलला. मराठी भाषांतरकारांनी 'श' राखला, हे त्यांचे मोठेच काम म्हटले पाहिजे. मधला 'ब' मुळातच दुहेरी आहे, त्यामुळे 'शबाथ' हे लेखन चुकीचे. कानडी 'सब्बत' दुसऱ्या वाटेने आलेला असला तरी चूक नाही, आणि सीमाभागातल्या घरात दोन्ही उच्चार सुखाने नांदू शकतात.

'सप्त'ची गोष्ट मात्र आता थांबली पाहिजे. आठवड्याचा सातवा दिवस, म्हणून सप्त, म्हणून शब्बाथ, ही साखळी मी व्यासपीठांवरून इतक्या वेळा ऐकली आहे की ती कोणी तपासून पाहत नाही याचेच वाईट वाटते. हिब्रूत सात या संख्येला 'शेबा' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या शेवटी 'अयिन' हे घशातून उच्चारायचे अक्षर आहे. शब्बाथच्या शेवटी 'ताव' आहे. हिब्रूत धातू तीन व्यंजनांवर उभा असतो, आणि तिसरे व्यंजन बदलले की धातूच बदलतो. कानाला दोन्ही शब्द जवळचे वाटतात आणि शास्त्रातही सात हा अंक शब्बाथच्या सोबत वावरतो, पण सोबत म्हणजे नाते नव्हे.

दुसरा वाद विद्वानांशी आहे. प्राचीन बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) महिन्याच्या पंधराव्या दिवसाला, म्हणजे पौर्णिमेला, 'शपत्तू' म्हणत. त्यावरून शब्बाथ हा मुळात पौर्णिमेचा सण होता असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि ते पुराव्यादाखल आमोस व यशया या संदेष्ट्यांची अशी वचने दाखवतात ज्यांत अमावास्येनंतरचा नवचंद्र आणि शब्बाथ यांचा उल्लेख जोडीने येतो. मला हे मुळीच पटत नाही. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो आणि त्याला सातने भाग जात नाही; म्हणजे सात-सात दिवस मोजत जाणारा माणूस चंद्राकडे पाहतच नाही. ज्या सणाचा सगळा आधार चंद्र, त्यातून चंद्राला न जुमानणारी गणती कशी निघाली, याचे उत्तर या मंडळींनी आधी द्यावे आणि मग शब्दसाधर्म्य दाखवावे. शनिवारातला 'शनि' शब्बाथवरून आला असे म्हणणाऱ्यांना तर एवढेच सांगणे पुरेसे आहे की शनि म्हणजे शनैश्चर, हळूहळू चालणारा ग्रह. उलट हिब्रूत त्या ग्रहाचे 'शब्बताय' हे नाव शब्बाथवरून पडले आहे.

आता खऱ्या धातूकडे येऊ. 'शाबत' म्हणजे थांबणे, बंद होणे. यहोशवाच्या पुस्तकात (५:१२) इस्राएल लोक कनानातले धान्य खाऊ लागल्यावर मान्ना (रानात देवाने पुरवलेले अन्न) मिळायचा बंद झाला असे सांगितले आहे, तिथे हेच क्रियापद आहे, आणि मान्ना काही दमला नव्हता. आपण 'देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली' असे म्हणतो, तेव्हा 'विश्रांती'तला 'श्रम' नकळत आत शिरतो, कारण श्रम ज्याचे गेले त्याचीच विश्रांती. 'विसावा' हा शब्दही त्याच 'विश्राम'चे घरगुती रूप आहे. 'ग्राम'चे 'गाव' झाले तसे त्यातल्या 'म'चे 'व' झाले. पण देव थकत नाही असे यशया (४०:२८) स्वच्छ सांगतो. उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तो थकून बसत नाही. काम पुरे झाले म्हणून हात थांबवतो. शब्बाथ पाळणाऱ्याने हा फरक मनावर कोरून घ्यावा, कारण पुष्कळ लोक 'मी अजून थकलेलो नाही' या सबबीवर तो मोडतात.

या चर्चेतला मला सर्वांत प्रिय शब्द मात्र 'शाबत' नव्हे. निर्गम या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायाच्या सतराव्या वचनात देव थांबला असे सांगून लगेच आणखी एक क्रियापद येते, 'वय्यिन्नाफश'. 'नेफेश' म्हणजे प्राण, जीव, घशातून येणाराजाणारा श्वास. त्यावरून बनलेले हे क्रियापद म्हणजे श्वास घेणे, जीव पुन्हा ठिकाणावर येणे. हिब्रू शास्त्रात हे क्रियापद तीनच ठिकाणी आढळते. एक इथे, देवाच्या बाबतीत. दुसरे २ शमुवेल १६:१४ मध्ये, जिथे बंडखोर मुलगा अबशालोम याच्यापासून पळणारा दावीद राजा आणि त्याचे लोक थकून भागून मुक्कामाला पोहोचतात आणि श्वास घेतात. आणि तिसरे निर्गम २३:१२ मध्ये, जिथे आज्ञा अशी आहे की सहा दिवस काम कर आणि सातव्या दिवशी थांब, म्हणजे तुझ्या बैलाला व गाढवाला विसावा मिळेल आणि तुझ्या दासीचा मुलगा व परका यांना श्वास घेता येईल. मालकाला श्वास घेता यावा असे त्या वचनात म्हटलेले नाही. जे क्रियापद देवासाठी वापरले, तेच दासीच्या मुलासाठी राखून ठेवले आहे. आज्ञेचे इतके थेट बोलणे मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

या क्रियापदाला मराठीत प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी 'ताजेतवाने होणे' पर्यंत मजल मारली आहे. वास्तविक आपल्या शेतात, बांधावर, चढणीच्या वाटेवर रोज बोलला जाणारा 'दम खाणे' हाच प्रयोग नेमका आहे. 'दम' हा फारसी शब्द, अर्थ श्वास. 'हरदम' म्हणजे प्रत्येक श्वासाला, 'दमा' म्हणजे श्वासाचा विकार, आणि आमच्या भागातल्या कानडीतही तो 'दम्मु' होऊन बसला आहे. माझे तर असे मत आहे की 'दमणे' हे मराठी क्रियापदही याच श्वासातून निघाले आहे. ते संस्कृत 'दम्' म्हणजे ताब्यात आणणे या धातूवरून आले असे सांगणाऱ्यांनी डोक्यावर पोते घेऊन चढ चढणारा माणूस कधी पाहिला आहे का, असे मला विचारावेसे वाटते. त्याला कोणी दमन करत नसते, त्याचा श्वास संपलेला असतो. तो पोते उतरवून ठेवतो, गुडघ्यांवर हात टेकतो, आणि सोबतचा म्हणतो, 'दम खा जरा.' दमणे आणि दम खाणे यांत एकच श्वास गेलेला आणि परत आलेला दिसतो. नेफेशपासून बनलेल्या त्या हिब्रू क्रियापदाची घडणही हीच आहे.

मराठी मुलुखाला शब्बाथची ओळख ग्रंथातून होण्याआधी घाण्यावरून झाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, तेल गाळण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. घाणा बंद म्हणजे त्याला जुंपलेला बैलही मोकळा. निर्गमातले ते वचन तिथे मराठी बोलणाऱ्या घरांत दर आठवड्याला पाळले जात होते. आपल्या भागातल्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. सोमवार हा बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, वार, त्या दिवशी बैल जुंपायचे नाहीत, ही रीत बेळगावच्या पूर्वेकडच्या गावांतून जुन्या शेतकऱ्यांना आजही माहीत आहे, आणि यात्रेआधी गावाने ठरलेले वार धरून शेतीची कामे बंद ठेवायची, याला आपण 'वार पाळणूक' म्हणतो. या रिवाजांची कारणे आणि दैवते वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण 'पाळणे' हे क्रियापद शब्बाथला इतके चपखल का बसले, ते यावरून उमगते. सगळ्या गावाने मिळून औत थांबवायचे, एकट्याने नव्हे, हा अर्थ त्यात आधीपासूनच होता.

म्हणूनच 'शब्बाथ म्हणजे आपली रविवारची सुट्टी' हे वाक्य ऐकले की मला राहवत नाही. सकाळची उपासना आटोपून मंडळी घरी येतात, पाहुणे जमतात, पुरुष पंख्याखाली आडवे होतात, आणि घरातली सून मटणाचा रस्सा आणि भाकऱ्या करत दुपारी तीनपर्यंत शेगडीपुढे उभी असते. भांड्यांना येणारी बाई त्या दिवशी दुप्पट भांडी घासते. या घराने सुट्टी घेतली असेल, शब्बाथ पाळलेला नाही. शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आज्ञा देताना 'तुझा दास व तुझी दासी यांना तुझ्यासारखाच विसावा मिळावा' असे कारण जोडले आहे, आणि लगेच मिसरातल्या दास्याची आठवण करून दिली आहे.

सुट्टी आणि खाडा यांतला फरकही इथेच कळतो. शास्त्रात माणसांसाठी 'शब्बाथ' हे नाम पहिल्यांदा येते ते मान्नाच्या हकिगतीत (निर्गम १६), आणि तिथे सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना मिळतो, म्हणजे सातव्या दिवशी थांबणाऱ्याच्या पोटाला चिमटा बसत नाही. निपाणीत हजार विड्यांमागे मजुरी घेऊन विड्या वळणारी बाई एक दिवस थांबली तर तिचा खाडा होतो, तेवढे पैसे जातात. तिला 'रविवारी विसावा घे' असे सांगणे हा उपदेश अर्धाच आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, आणि ती मिळवण्यासाठी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून झगडावे लागले. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यांच्या मागणीत होते. 'साहेबाने चर्चसाठी रविवार दिला' असे सरसकट बोलणाऱ्यांनी, आणि त्यात ख्रिस्ती वक्तेही आहेत, हा इतिहास वाचावा.

राहिला तिसरा प्रश्न. रविवार हा शास्त्रातला शब्बाथ नव्हे. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा दिवस. आरंभीचे ख्रिस्ती लोक प्रभूच्या पुनरुत्थानामुळे आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यास जमत (प्रेषितांची कृत्ये २०:७), आणि प्रकटीकरणात (१:१०) 'प्रभूचा दिवस' हे नाव येते. सन ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारी शहरातली कामे बंद ठेवण्याचा कायदा केला, पण शेतकऱ्यांना त्यातून मोकळीक दिली, म्हणजे बैल पुन्हा जुंपलेलाच राहिला. सातव्या दिवशीच शब्बाथ मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्याही आहेत, आणि त्यांच्याशी वाराचा वाद घालू नये. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (२:१६) शब्बाथावरून कोणी कोणाचा न्याय करू नये असे म्हटलेले आहे. तेव्हा ताई, रविवारला 'प्रभूचा दिवस' म्हणा. त्या दिवशी घरातली सून, भांडीवाली आणि दुकानातला पोऱ्या या सगळ्यांचे काम थांबले आणि कोणाची मजुरी कापली गेली नाही, तर 'आम्ही शब्बाथ पाळला' असे म्हणायला माझी काही हरकत नाही; मार्काच्या दुसऱ्या अध्यायात शब्बाथ माणसासाठी झाला असे प्रभू म्हणतो, ते भुकेल्या शिष्यांनी शेतातली कणसे मोडल्यावरून वाद झाला तेव्हाच.