मसालेभातातली सोयावडी

प्रिय सानू,

मसालेभातात सोयाच्या वड्या टाकल्या, तर भातात कणी राहिली आणि वड्या मात्र पाणचट झाल्या, असं का, हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा असा, की मटणाच्या जागी काहीतरी घालून केलेला भात ‘आपला’ म्हणायचा का. पहिल्याचं उत्तर मापात आहे, म्हणून ते आधी.

सोयावडी म्हणजे तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचं पीठ, यंत्रात दाब आणि उष्णता देऊन फुगवलेलं. आत सगळी जाळी. कोरडी वडी स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी पिते. तू 60 ग्रॅम वड्या कोरड्याच टाकल्यास, म्हणजे तांदळाच्या वाट्याचं अर्धा कपभर पाणी त्यांनी पिऊन टाकलं. तांदूळ तहानलेला राहिला. आणि वडी एकदा फिक्या पाण्याने भरली, की मग वरून कितीही मसाला घाल, तो बाहेरच राहतो. तेव्हा वडीची तहान भाताआधी भागवायची, आणि शेवटचा घोट मसाल्याचा द्यायचा.

चौघांसाठी 300 ग्रॅम तांदूळ धर, म्हणजे साधारण दीड कप. कप 240 मिलीचा, चमचा चहाचा. वड्या 60 ग्रॅम पुरेत. जास्त घातल्यास तर भाताला मसालेभाताची चव उरत नाही.

मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी, एक चमचा मीठ, खळखळून उकळी. त्यात वड्या 6–7 मिनिटं, बारीक दाण्याच्या असतील तर 3–4. पाण्यावर फेस येईल आणि कच्च्या सोयाचा उग्र वास सुटेल. ते पाणी ओतूनच टाकायचं, ‘त्यात सत्त्व असेल’ म्हणून ठेवायचं नाही. गार पाणी घालून वड्या तळव्यांत दाबून पिळ; पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळ. दुसऱ्या पिळण्याचा कंटाळा केला की भाताला वास राहतो. मोठ्या वड्या आता अर्ध्या काप.

पिळलेली वडी रिकामी असते, जे पहिलं मिळेल ते ओढून घेते. म्हणून लगेच 3 मोठे चमचे घट्ट दही, एक चमचा किसलेलं आलं, एक चमचा गोडा मसाला, पाऊण चमचा तिखट, अर्धा चमचा हळद आणि चिमूटभर मीठ लावून अर्धा तास ठेव. दही पातळ असेल तर गाळून घे, नाहीतर तव्यावर फाटतं. तुझी मैत्रीण दूध-दही खात नसेल तर घट्ट नारळाचं दूध आणि थोडं लिंबू चालेल. मग वरून तूपही नको.

नंतर मोठा चमचाभर तेलावर मध्यम आचेवर 5–6 मिनिटं परत. वडीच्या अंगावरचं दही सुकून तपकिरी ठिपके दिसले की काढ. कडकडीत तेलात तळू नकोस. तळलेल्या वडीचं कवच वातड होतं आणि ती चावताना रबरासारखी लागते.

आता भात. तुझ्याकडे बासमती सहज मिळतो, पण मसालेभाताला आंबेमोहोर किंवा कोलम खरा. त्याचा दाणा आखूड, मसाला अंगाला धरून ठेवतो आणि भात मऊ मोकळा होतो. बासमतीचा मसालेभात पुलावासारखा दिसायला लागतो. कोलम मिळालाच नाही तर सोना मसूरी घे. तांदूळ तीन पाण्यांत धुऊन 20 मिनिटं निथळत ठेव.

मसाला ताजा कुटलास तर फरक लगेच कळेल: एक मोठा चमचा धने, एक चमचा जिरे, 4 लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एक चमचा तीळ, मोठा चमचाभर किसलेलं सुकं खोबरं. खोबरं आणि तीळ शेवटी भाज, ती आधी करपतात. ही पूड अधिक दीड चमचा गोडा मसाला. गोड्या मसाल्यात दगडफूल असतं. मसालेभाताचा तो ओळखीचा, किंचित मातकट वास त्याचा. गरम मसाल्याने ती जागा भरून निघत नाही. डब्यावर ‘काळा मसाला’ लिहिलं असेल तर आधी चाखून बघ. काही घरी आणि काही दुकानी गोड्यालाच काळा म्हणतात, काही ठिकाणी तो चांगला तिखट असतो.

जाड बुडाच्या पातेल्यात 3 मोठे चमचे तेल. मोहरी तडतडू दे, मग जिरे, पाव चमचा हिंग, हळद, 8–10 कढीपत्त्याची पानं, एक तमालपत्र, मूठभर काजू. (डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, गहू न चालणारा कुणी जेवायला असेल तर डबी वाचून घे.) त्यात 100 ग्रॅम तोंडली, उभी चार फाकी केलेली, 4–5 मिनिटं. तोंडली गोठवलेली असतील तर झाकण न ठेवता त्यांचं पाणी आटू दे, नाहीतर फोडणीचं सार होतं. मग तांदूळ, 2–3 मिनिटं, दाणा गरम होऊन पातेल्यात सळसळ वाजेपर्यंत. मसाल्याची पूड या वेळी, तांदळावर. नुसत्या तेलात टाकलीस तर अर्ध्या मिनिटात करपते आणि सगळा भात कडवट होतो.

पाणी उकळतंच घालायचं. कोलमला आणि सोना मसूरीला 3 कप, बासमतीला अडीच. दीड चमचा मीठ, अर्धा चमचा गूळ. हे पाणी चाखून बघ, आमटीपेक्षा जरा खारट लागलं पाहिजे. तांदूळ ते ओढून घेतो. उकळी आली की वड्या सोड. त्या आता तृप्त आहेत, तांदळाचं पाणी मागणार नाहीत. दह्याचा मसाला भांड्यात उरला असेल तो मात्र ओतू नकोस, तळाशी जाऊन लागतो. पाणी भाताच्या पातळीला येऊन वर भोकं दिसू लागली की घट्ट झाकण, आच सगळ्यात मंद, कोलमला 14 मिनिटं, बासमतीला 11–12. बंद करून 10 मिनिटं उघडायचं नाही. तुझी विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून पातेलं उचलून बाजूला ठेव. कुकर टाळ, दोन शिट्ट्यांत भात शिजतो, पण वडीचा लगदा होतो.

वाढताना लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर, साजूक तूप. लिंबू शिजताना घालू नकोस.

कांद्याचं विचारलं होतंस. लग्नाच्या आणि सणाच्या पंगतीतला मसालेभात बिनकांद्याचा, बिनलसणाचा. घरी घालणारे घालतात. माझं मत विचारशील तर सोयावडी असताना तरी घालू नको, कारण कांदा, लसूण आणि सोया एकत्र आले की जीभ बिर्याणीची वाट बघायला लागते, आणि बिर्याणी वेगळ्या रीतीची: तिथे अर्धवट शिजवलेल्या भाताचे थर लावून दम देतात.

आता दुसरा प्रश्न. भातात डाळीचं काहीतरी भरीव घालून एका पातेल्यात जेवण उरकायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, आणि तिला मटणाची आठवणही होत नाही. विदर्भातला गोळाभात बघ. हरभरा डाळीचं रवाळ दळलेलं पीठ एक कप, तिखट, हळद, हिंग, मीठ, आणि 2 मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाण्याचा हबका मारत घट्ट भिजवून लिंबाएवढे गोळे. साध्या भाताचं पाणी आटत आलं की गोळे वर ठेवून झाकण, मंद आचेवर 15 मिनिटं. पानात गोळा फोडून भातात कालवायचा आणि वरून मोहरी, हिंग, सुक्या मिरचीची गरम फोडणी सढळ हाताने. मोहन कमी पडलं तर गोळा घशात अडकतो, पीठ सैल झालं तर भातात विरघळतो. तिकडचाच वडाभातही तसाच, फक्त मिश्र डाळींचे वडे तळून भातावर कुस्करतात.

सोयावडीला या गोळ्याची लांबची बहीण समज. मटणाची नक्कल करायला गेलीस तर ती नेहमी कमीच पडेल. तोंडल्याशेजारी ठेवलीस तर शोभेल. टोफू वापरायचा तर घट्ट घे, वजनाखाली अर्धा तास दाबून, परतून, भात झाल्यावर मिसळ. डब्यातला कच्चा फणस खारवलेला असतो. दोनदा धुऊन घे आणि भाताचं मीठ अर्ध्यावर आण.

उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी वड्या जास्त मुरलेल्या लागतात, भात मात्र कोरडा पडतो. पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, चांगली वाफ येईपर्यंत गरम कर.

आई