गोव्यात पावसाळ्यात बाळ येणार असेल तर बांबूचं कापड घ्यावं का?

प्रश्न असा: राहणं म्हापशाला, बाळ जुलैत येणार. दुकानदार दुपटी, झबली, लंगोट सगळंच बांबूचं घ्या म्हणतो आणि सुतीच्या दुप्पट भाव सांगतो. घ्यावं का?

झबली आणि दुपटी जरूर घ्या. लंगोट मात्र पाऊस सरेपर्यंत सुतीच ठेवा.

बांबूचं म्हणून बाजारात येणारं बहुतेक कापड हे व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि बारीक छिद्रांतून आम्लात सोडून त्याचा धागा काढतात. या प्रक्रियेत बांबूचे मूळ गुण उरत नाहीत, म्हणून पाकिटावरच्या 'नैसर्गिकरीत्या जंतुनाशक' या शब्दांवर एक रुपयाही जास्त देऊ नका. व्हिस्कोसला नुसतं 'बांबू' म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून कंपन्यांवर कारवाई केली आहे; २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले.

खरा फायदा वेगळाच आहे, आणि आपल्या हवेत तो मोठा आहे. हा धागा गुळगुळीत असतो, त्यामुळे गळ्याच्या वळ्या, काख, गुडघ्यामागची घडी अशा घामोळं उठणाऱ्या जागी कापड घासत नाही. दमट हवेतली ओल सूत स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के धरतं, व्हिस्कोस १२-१३ टक्के. अंगाला ते गार लागतं ते यामुळेही.

पण जे ओल जास्त धरतं ते वाळतही उशिरा. जुलै-ऑगस्टमध्ये बांबूचा जाड लंगोट पंख्याखाली ठेवला तरी दुसऱ्या दिवशी मधली शिवण ओलीच लागते. मग कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. जुन्या सुती लुगड्याची बाळुती त्या दिवसांत कितीतरी बरी.

खरेदी करताना लेबलवर 'बांबू व्हिस्कोस' किंवा 'बांबू रेयॉन' आणि टक्केवारी पाहा. दुपट्यासाठी ७० टक्के व्हिस्कोस, ३० टक्के सूत असं मलमल चांगलं, १२० बाय १२० सेंटिमीटरची तीन पुरेत. झबल्याला ५ टक्के स्पॅन्डेक्स (ताणला जाणारा धागा) चालतं. बनियनसारखं विणलेलं कापड आटतं, तेव्हा एक माप मोठं घ्या. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० चं (कापडात घातक रसायनं नाहीत हे तपासल्याचं) लेबल असेल तर 'वर्ग १' लिहिलंय का बघा, तो तीन वर्षांखालच्या मुलांसाठी असतो.

कापडात पॉलिस्टर असल्याची शंका आली तर शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचाच धागा ओढून जाळा, शिवणीचा दोरा नको. कागदासारखा वास आणि मऊ राख आली तर पॉलिस्टर नाही. वितळून कडक मणी झाला तर आहे. पण सूतही कागदासारखंच जळतं. त्यासाठी दुसरा धागा पाण्यात भिजवून ओढा: व्हिस्कोस पटकन तुटतो, सूत ओलं झाल्यावर उलट चिवट होतं.

यामुळेच बांबूचं कापड धुण्याच्या दगडावर आपटू नये, पिळूही नये. जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात, थोड्या सौम्य साबणाने धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा, म्हणजे मधून वारा खेळतो. घडी घालण्याआधी उलट्या बाजूने मध्यम इस्त्री फिरवा, उरलेली ओल जाते. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीच अजिबात नको. त्याने तांबूस डाग आणखी पक्के होतात आणि धागाही कमजोर होतो.

दुपट्यात गुंडाळताना कंबरेपासून खाली सैल सोडा, पाय वर-बाहेर हलले पाहिजेत. बाळ कुशीवर वळू लागलं की गुंडाळणं बंद.

दिवाळीनंतर ऊन पडू लागलं की रात्रीपुरते बांबूचे लंगोट सुरू करा. तेव्हा त्यांची शोषण्याची ताकद कामी येते. चारी बाजूंनी शिवलेले घेऊ नका, उलगडणारे लांब पट्टे घ्या. नवे पट्टे आधी चार-पाच वेळा धुतल्यावरच नीट शोषू लागतात. फॅब्रिक कंडिशनर मात्र कधीच घालू नका, त्याचा थर बसला की ओल आत शिरत नाही आणि लंगोट बाजूने गळतो.