करवंटीचा कोळसा आणि निकेल: भरलेला कोळसा कुठे देणार ते आधी बघा

कोळसा घालूनही निकेल मर्यादेच्या वर जातंय, आता काय करू, ही तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, हे तर आमचंच चाललंय. तुमचं गोव्यात कुंडईला छोटं निकेल-क्रोम प्लेटिंग (धातूवर मुलामा), ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या) शेवटी ड्रममध्ये करवंटीचा कोळसा, सुरुवातीला रिपोर्ट झकास आणि आता निकेल 11 मिलिग्रॅम प्रति लिटर, मर्यादा 3 ची. त्यात कुणीतरी सुचवलंय की कोळसा काढा आणि तिसऱ्यांची (खातो त्या शिंपल्यांची) शिंपलं नाहीतर काजूची टरफलं घाला, फुकट मिळतात. रिन्स (धुणं) दोन-तीन टप्प्यात करणं, जॉब (मुलामा दिलेला भाग) टाकीवर नीट निथळू देणं हे तुम्ही करतच असणार, त्यात जात नाही.

मुद्दा एवढाच की कुठलंही टाकाऊ मटेरियल घ्या, धातू कुठे नाहीसा होत नाही, पाण्यातून निघून त्या मटेरियलमध्ये जाऊन बसतो. तुम्ही पाण्याचा आकडा दिलेला नाही म्हणून रोजचं 5000 लिटर धरतो. लिटरमागे 10 मिलिग्रॅम काढायचं तर रोज 50 ग्रॅम निकेल झालं. साधा कोळसा ग्रॅममागे 5 मिलिग्रॅम पकडतो असं धरून चला (तुमचा किती पकडतो ते तुमच्याच पाण्यावर बघायला लागेल), म्हणजे रोज 10 किलो कोळसा बाद. महिन्याला 25 दिवस काम धरलं तर पाव टन. ड्रममध्ये एकदा भरून वर्षभर चालेल असं जे सांगतात त्यांनी हा हिशेब कधी केलेलाच नसतो.

आणि तो बाद कोळसा म्हणजे हझार्डस वेस्ट, घातक कचरा. इथेच आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. ऑफिसचं नाव लिहीत नाही. आम्ही लेखी विचारलं की वापरलेला कोळसा कुठल्या हेडखाली दाखवायचा. एका टेबलावर तोंडी उत्तर मिळालं, कोळसाच आहे ना, बॉयलरवाल्याला द्या. (हे कधीही करू नका, निकेल जळत नाही, राखेत राहतं आणि काही धुराबरोबर जातं, कामगारांच्या छातीत जातं.) पुढच्या टेबलावर सांगितलं हझार्डस आहे, ऑथोरायझेशनमध्ये (असा कचरा हाताळायच्या परवान्यात) बदल करून घ्या. बदलाच्या अर्जाला वेस्ट घेणाऱ्या साईटचं पत्र हवं, आणि साईटवाले म्हणतात आधी बदललेलं ऑथोरायझेशन दाखवा मग पत्र. अर्ज ह्या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब मीटिंगला, साहेबांची बदली, नवीन साहेबांना फाईल सापडत नाही, आणि ह्या सगळ्यात ड्रम आमच्याच शेडमध्ये. नियमात साठवायला 90 दिवस, ते कधीच उलटले. पाऊस सुरू झाला, आपला पाऊस काय असतो ते सांगायला नको, ड्रमचे तळ गंजले, खाली हिरवट पाणी दिसायला लागलं. आणि नोटीस कुठून आली, तर त्याच ऑफिसातून, 90 दिवसांपेक्षा जास्त साठवलं म्हणून! आमचे लेखी अर्ज त्यांच्याच इनवर्डला पडलेले. लाईन बंद ठेवायला लागली, ऑर्डरी दुसरीकडे गेल्या, कामगारांना घरी बसवायला लागलं. आजही आठवलं की डोकं तापतं. प्रदूषण थांबवायला निघालेल्या माणसाला असं वागवलं तर छोटे युनिटवाले रात्री नाल्यात सोडणार नाहीत तर काय करणार? मी त्याचं समर्थन करत नाही, तो नाला खाली कुणाच्यातरी शेतात, विहिरीत जातो. पण हे होतं ते अशामुळे होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, मटेरियल आणायच्या आधी साईटकडून लेखी घ्या की हे घेऊ, आणि तुमच्या ऑथोरायझेशनमध्ये तो प्रकार आणि अंदाजे वजन घालून घ्या. तोंडी उत्तरावर एक किलोही आणू नका. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच ठेवा, आमचा शेवटी बचाव त्यानेच झाला.

आता मटेरियलबद्दल. शिंपलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पिकलिंगचं (जॉबचा गंज काढायचं) हायड्रोक्लोरिकवालं आम्ल मारायला छान, चुना वाचतो. सल्फ्युरिक असेल तर वर जिप्समचा थर बसतो आणि काम थांबतं. पण शिंपल्याने पीएच साधारण 8 च्या वर जात नाही आणि निकेल नीट बसायला (गाळ होऊन खाली यायला) 10 ते 10.5 लागतो, त्यामुळे नुसत्या शिंपल्याने तुमचा 11 चा 3 होणार नाही. भाजून चुना केला तर गोष्ट वेगळी. हॉटेलातून आणणार असाल तर उकळून उन्हात वाळवा, मास राहिलं तर शेजारचे युनिटवाले भांडायला येतील. काजूची टरफलं कच्ची अजिबात नको, त्यातलं तेल फिनॉलच्या जातीचं, हात पोळतात आणि पाण्यात नवीन भानगड. काथ्याचा भुसा न धुता घातला तर पाणी चहासारखं होतं आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो. लेथवरचा लोखंडी चुरा मात्र क्रोमसाठी खरंच कामाचा, पीएच 2-3 ला सहा-व्हॅलंट क्रोमचं (जास्त विषारी रूपाचं) तीन-व्हॅलंट करतो, मग पीएच 8-8.5 ला बसवायचं. तेल आधी सोड्याने धुवा, स्टेनलेसचा चुरा नको, आणि हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावर करा. क्रोमचं पाणी निकेलच्या लाईनमध्ये मिसळू देऊ नका, सहा-व्हॅलंट क्रोम चुन्याने बसत नाही, सरळ पुढे जातं आणि त्याची मर्यादा फक्त 0.1 आहे.

तुमच्या 11 चं कारण कोळसा नसावंच अशी मला शंका आहे. पीएच 10 ला बसवल्यावर तुम्ही आधी गाळता की आधी आम्ल घालून पीएच खाली आणता? बरेच जण आधी आम्ल घालतात, मग न बसलेले बारीक कण परत विरघळतात आणि सगळा बोजा कोळशावर पडतो. आधी सँड फिल्टर, मग आम्ल, मग कोळसा. दुसरं, डीग्रीझिंगच्या (जॉबचं तेल काढायच्या) केमिकलमध्ये ईडीटीए (धातूला पाण्यात धरून ठेवणारं रसायन) किंवा अमोनिया असेल तर तो निकेलला धरून ठेवतो, चुना घाला नाहीतर कोळसा, फारसा फरक पडत नाही. सप्लायरकडून डेटा शीट मागा.

रोज लॅबला पाठवायची गरज नाही. कोळशातून आलेल्या पाण्यात थोडा अमोनिया आणि डीएमजीचे (निकेल ओळखायचं रसायन, डायमिथाइलग्लायॉक्झिम) थेंब टाका, गुलाबी-लाल झालं की कोळसा भरला. पाण्यात फेरस (विरघळलेलं लोखंड) असेल तरी लाल येतं, ते लक्षात ठेवा. आणि चतुर्थीला युनिट बंद ठेवताना ड्रम कोरडा पडू देऊ नका, भेगा पडून पाणी एकाच वाटेने धावतं आणि पहिलाच रिपोर्ट खराब येतो.

मी केमिस्ट नाही, प्लेटिंगवाला आहे, आकडे आणि नियम एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. प्रत्येक टप्प्यावरचा पीएच, रोजचं पाणी आणि डीग्रीझरमध्ये काय आहे एवढं इथे टाका, बघून सांगतो.