पैठणात राजधानी कुठे पाहायची?

प्रश्न : मे महिन्यात पुण्याहून नातवंडं येणार आहेत, एक सातवीत आणि एक नववीत. पैठण ही सातवाहनांची राजधानी होती हे त्यांनी पुस्तकात वाचलंय, त्यामुळे ‘आजोबा, राजवाडा दाखवा’ म्हणून आत्तापासूनच मागे लागलीत. मी नाथषष्ठीला बऱ्याचदा गेलोय, पण राजवाडा काही पाहिला नाही. लेकरांना नेऊन दाखवू तरी काय?
— एक वाचक, परभणी

उत्तर : काका, उभा राजवाडा नाही, हे लेकरांना गाडीत बसायच्या आधीच सांगून टाका. सातवाहनांचं प्रतिष्ठान आजच्या पैठणच्या घरांखाली आणि गावालगतच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, गाडलेलं आहे. 1937 मध्ये निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं गुलाम याझदानींच्या देखरेखीखाली इथं उत्खनन केलं, नव्वदीच्या दशकात नागघाटाजवळ पुन्हा झालं. बाकी सगळं अजून जमिनीच्या पोटात. ही राजधानी पाहायची ती तळहातावर मावणाऱ्या वस्तूंमधून, म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : आधी संग्रहालय, मग गाव.

ज्ञानेश्वर उद्यानाच्या आवारात बाळासाहेब पाटील शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आहे. पैठणच्या या माणसानं जीव लावून जमवलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. धरण पाहायला येणारी माणसं त्याच्या दारावरून निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. आत गेलात की पाट्या वाचत पळू नका. मण्यांपाशी थांबा. एखादा तांबडा अकीकाचा मणी निवडा आणि लेकरांना त्याचं भोक नीट बघायला सांगा. एवढ्या कठीण दगडाला भोक पाडायचं तर कारागीर सहसा दोन्ही टोकांकडून सामता, म्हणजे दोरीनं फिरवायचं गिरमिट, चालवत, आणि मधे जिथं दोन्ही भोकं भेटतात तिथं कधी कधी बारीकसा बाक राहतो. हाताचं काम दिसतं ते तिथं.

मग त्यांना पुढची गोष्ट सांगा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी वर्णनात पैठण येतं : भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं शहर, जिथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून खडतर वाटेनं भडोचला जातात. तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, तिथलं कापड प्रसिद्ध. वहीत हा रस्ता काढायला लावा. गोदाकाठचा मणी समुद्रापार जात होता हे नकाशावर दिसलं की सातवीतलं पोरही राजवाडा विसरतं.

नाण्यांपाशी आणखी एक सांगण्यासारखं आहे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे राजे आपल्या नावाआधी आईचं नाव लावत, आणि ते नाण्यांवर कोरलेलं आहे. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहराही असतो. शिशाची नाणी काळपट, ओबडधोबड दिसतात, पण बाजारात रोज फिरणारा पैसा बहुतेक तोच.

एवढं पाहून झालं की उन्हाच्या आत जुन्या गावात या. नागघाट, कोरीव तीर्थखांब आणि नाथांचा राहता वाडा तुम्हाला ठाऊकच आहे. वाड्यातला रांजण लेकरांना जरूर दाखवा. हातमागावरची पैठणी विणताना पाहता आली तर पदराची मागची बाजू बघायला विसरू नका, ती पुढच्यासारखीच सुबक असते.

आणि जमलं तर एक दिवस तेरला द्या. पेरिप्लसमधलं तगर ते हेच, धाराशिव जिल्ह्यातलं. तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयही असंच, गावातल्या एका माणसानं गावकऱ्यांकडून, पांढरीतून गोळा केलेल्या वस्तूंवर उभं आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखी मूर्ती आपल्याच भोकरदनच्या उत्खननातही निघाली, आणि तशीच एक इटलीतल्या पॉम्पेईत, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात. गावातलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागून पाहा, गोलाकार पाठ दिसेल. मुळात तो बौद्धांचा चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, होता असं मानतात. गोरोबाकाकांचं दर्शनही तिथंच होतं. मराठवाडा म्हटलं की अजिंठा-वेरूळ करून परतणाऱ्यांना तेरचं नावही माहीत नसतं, म्हणून मी ते प्रत्येकाला सांगत असते.

सोमवार टाळा. सरकारी संग्रहालयं बहुतेक त्या दिवशी बंद असतात.

प्रश्न : आमच्या गावच्या पांढरीतून माळवदासाठी माती आणली, त्यात काही मणी आणि एक हिरवट नाणं निघालं. घरात ठेवलं तर चालतं का?
— एक वाचक, अंबड तालुका

उत्तर : ताई, नाही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं जे काही सापडेल ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोवर नाणं चिंचेनं किंवा राखेनं घासू नका. त्या हिरव्या थराखालीच अक्षरं असतात, घासलं की तीही निघून जातात. मणी कागदात वेगळे बांधा आणि कागदावर लिहा : कोणत्या बाजूची माती, साधारण किती हात खोल, कोणती तारीख. जागा माहीत नसेल तर अभ्यासकाला त्या मण्यावरून फार थोडं कळतं. आणि त्या जागची माती सध्या काढू नका, शेजाऱ्यांनाही सांगा.