दोन ओठ, एक बोल

प्रश्न : आमच्या लग्नाला चार वर्षे झाली. रोज पहाटे तासभर मी तानपुरा घेऊन एकटी बसते, हे यजमानांना खटकते. ‘आपण एकरूप आहोत, मग तुला वेगळा वेळ कशाला हवा?’ असे ते म्हणतात, आणि प्रेमाने म्हणतात म्हणूनच मला उत्तर सुचत नाही. संतांनीही ऐक्यच श्रेष्ठ मानले ना? माझे प्रेम उणे आहे का?

उत्तर : मुळीच नाही. ‘एकरूप’ हा शब्द ज्या परंपरेतून आपल्या घरात आला, तिने तो किती जपून वापरला आहे ते पाहा. ‘अमृतानुभवा’च्या पहिल्या प्रकरणात शिव आणि शक्ती यांना वंदन करताना ज्ञानदेव दोन ओठांतून निघणाऱ्या एका बोलाचा आणि दोन डोळ्यांच्या एका दृष्टीचा दृष्टान्त देतात, एक ओठ दुसऱ्यात विरून गेला, तर बोल उमटणारच नाही. तेथेच एक घरगुती चित्र आहे. घरात माणसे अवघी दोन, आणि धनी शेजेवर गेला की स्वामिनी दोघांच्या वतीने, ‘दंपत्यपणें’, जागी राहते. तो निजलेला असताना तिने एकटीने जागे असावे, यात ज्ञानदेवांना दुरावा दिसत नाही. आपल्या पहाटेच्या तासाकडे मी असेच पाहीन.

हा ग्रंथ संसाराचा सल्ला देण्यासाठी लिहिलेला नाही, याची मला जाणीव आहे. तरीही परमतत्त्वाविषयी बोलताना त्यांनी नवराबायकोचे नाते दृष्टान्ताला घेतले, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे नवव्या प्रकरणात ते म्हणतात की देव, देऊळ आणि परिवार एकाच डोंगरातून कोरता येतात, तर अद्वैतात भक्तीचा व्यवहारही तसाच का होऊ नये? दगड एकच, पण हात जोडायला समोर कोणीतरी लागतेच. तुकोबांनी तर अद्वैतात आपले समाधान नाही, असे विठ्ठलालाच सांगितले.

यजमानांशी वाद घालू नका. त्यांना बहुधा आपण दुरावाल अशी भीती वाटत असावी. गाणे संपल्यावरचा चहा दोघांनी मिळून घ्या, त्या दिवशी काय गायिलात ते त्यांना सांगा. मात्र तो तास सोडू नका. पंढरपूरला जाणे झाले, तर विठ्ठलाच्या गाभाऱ्यातून निघून रखुमाईच्या वेगळ्या मंदिराकडे जाताना ती चार पावले त्यांच्यासोबत चाला. तेथे ती त्याच्या शेजारी उभी नाही, तरी वारकऱ्यांच्या तोंडी दोघांची नावे एका श्वासात येतात.